ब्याण्णव वेढ्यांचा रेडिओ

आधी एक कोडं. आमच्या पंचायतीच्या कचेरीत कपाटाएवढा एक रेडिओ होता. अकराशे किलोमीटरवरचं एक केंद्र त्याला काही केल्या ऐकू येत नसे. आणि अबोली कुबलकडे साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्यात एवढासा रेडिओ होता, त्याला ते ऐकू येई. असं का?

या कोड्याचं उत्तर मला आज देता येतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की ते केंद्र अबोलीला ऐकू येतं आणि मला नाही. आणि त्या केंद्रावरून बोलणारी बाई माझी आई होती.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. देवगडच्या दक्षिणेला सड्यावर आमची वाडी होती. (सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार.) मी आईच्या वडिलांकडे, म्हणजे आबांकडे राहत असे. बाबा पुण्याला नोकरीला होते, महिन्यातून एकदा येत. त्याच्या तीन वर्षं आधी मोठं सौरवादळ (सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित कणांचा लोंढा) आलं होतं आणि आकाशातले निम्म्याहून जास्त उपग्रह निकामी झाले होते. नवे उपग्रह वर जायला वेळ लागणार होता. जे उरले त्यांच्यावर पहिला हक्क इस्पितळांचा, मग जहाजांचा, आणि सगळ्यांत शेवटी घरच्यांशी गप्पा मारणाऱ्यांचा. म्हणून माणसांनी पोटमाळ्यावरचे जुने मीडियम वेव्हचे, म्हणजे मध्यम लहरींचे, रेडिओ पुन्हा खाली काढले. बंद पडलेली केंद्रं पुन्हा बोलू लागली.

आई समुद्रशास्त्रज्ञ होती. लक्षद्वीपच्या पलीकडे, भर समुद्रात, एक तरंगतं केंद्र होतं. पावसाचे वारे मोजणारी चाळीस माणसं त्यावर राहत. दर गुरुवारी सूर्य बुडाल्यावर तिथून अर्धा तास निरोप सांगत. एकेकाने अर्धं-पाऊण मिनिट बोलायचं आणि घरच्यांनी आपापल्या रेडिओवर ऐकायचं. उलट बोलायची सोय नव्हती. उत्तर द्यायचं तर पंधरवड्याने देवगडहून सुटणाऱ्या रसदेच्या बोटीबरोबर चिठ्ठी पाठवावी लागे.

त्या वर्षी थंडी सरता सरता कळलं की ते केंद्र आता दक्षिण महासागराकडे जाणार, आठ महिन्यांसाठी. तिथला आवाज आमच्यापर्यंत येणं शक्य नव्हतं. मधे तीन गुरुवार उरले होते.

पहिल्या गुरुवारी मी आबांच्या ओटीवर आमचा लहान रेडिओ कानाला लावून बसले होते. त्यात बंदरावरचं केंद्र ठणठणीत वाजत होतं. "बांगडा, पेटीला अमुक. सुरमई, पेटीला तमुक." तेवढ्यात खालच्या अंगाने अबोली धापा टाकत वर आली.

"ऋजू, तुझी आई बोलली गो. आत्ता. माझ्या रेडिओवर."

माझं नाव ऋजुता. ऋजू म्हणायची परवानगी मी तिला कधी दिली नव्हती.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, आबांना गोळ्या वेळेवर द्यायच्या. तू केस कापलेस का म्हणून विचारलंन. आणि हसली. असं हसली बघ." तिने हसून दाखवलं.

ते हसणं अगदी आईसारखं होतं. म्हणून तर मला ते सहन झालं नाही. माझ्या आईचं हसणं आता माझ्याआधी अबोलीकडे पोचत होतं, आणि ती मला ते उष्ट्या खाऊसारखं आणून देत होती.

"बरं," मी म्हटलं, आणि घरात निघून गेले.

आता आबांबद्दल सांगते. आबा निवृत्त रेडिओशास्त्रज्ञ. ओटीवर त्यांचं लांब मेज असे आणि त्यावर उघडे पडलेले रेडिओ, तारा जोडायला कथिलाचा डाग देण्याची बंदूक, तारांची रिळं. त्यांचे दोन नियम होते. ज्याला रेडिओ हवा त्याने तो आपल्या हाताने नीट करायचा, हा पहिला. आणि दुसरा, कुणी विचारल्याशिवाय ते काही सांगत नसत. "न विचारलेलं उत्तर माणूस या कानाने घेतो आणि त्या कानाने सोडतो," असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा हा दुसरा नियम जणू अबोलीसाठीच केलेला होता. आईबापांनी नाव अबोली ठेवलं होतं, पण तिचं तोंड मिटलेलं मी पाहिलं नाही. शाळा सुटली की ती ओटीवर येऊन पाय हलवत बसायची. आबा, ही काळी कांडी कसली? आबा, हिला तार का गुंडाळली? आबा, तारेला रेशीम कशाला? माझे आबा, माझ्या घरची ओटी, आणि पाणी प्यायची ती माझ्या निळ्या पेल्यातून.

मी मात्र काही विचारत नसे. शास्त्रज्ञाची नात, शास्त्रज्ञाची मुलगी. मला हे सगळं येत असणारच, असं मला वाटे. येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी अबोली आली तेव्हा मी माजघराच्या दाराआड उभी राहिले.

"आबा," ती म्हणत होती, "ते केंद्र दिवसा का बोलत नाही?"

"चांगलं विचारलंस. बस." आबांच्या आवाजात आनंद होता. माझ्याशी बोलताना तो कधी असतो का, ते मी आठवून पाहू लागले. "आपल्या डोक्यावर, हवा अगदी विरळ होते तिथे, आयनांबर आहे. म्हणजे उन्हाने ज्यातले कण विद्युतभारित झालेत असा हवेचा पट्टा. त्याला मजले आहेत म्हण. खालचा मजला मध्यम लहरी गिळून टाकतो. वरचा मजला त्यांना वळवून पुन्हा जमिनीवर पाठवतो."

"मग गिळणारा मजला काढून टाकायचा."

"रोज संध्याकाळी निघतोच तो. तो उन्हावर जगतो. ऊन गेलं की विरतो. वरचा मजला चिवट, तो रात्रभर टिकतो. मग लहर समुद्रावरून उठते, वर जाते, वळते आणि अकराशे किलोमीटर लांब सड्यावर उतरते."

"माझ्या रेडिओत."

"तुझ्या रेडिओत. पण येईस्तोवर ती अगदी थकून गेलेली असते. म्हणून तिला गोळा करायला ही कांडी. हिला फेराइट म्हणतात. लोखंडाच्या भुकटीत आणखी काही मिसळून, भाजून केलेलं काळं, ठिसूळ चिनीमातीसारखं असतं. रेडिओलहरीत एक चुंबकीय अंग असतं, ते या कांडीकडे ओढलं जातं. छपराचं पाणी पन्हळीत जमतं ना, तसं. पन्हळ लांब असली की पाणी जास्त. बाजारच्या रेडिओत बोटाएवढी कांडी घालतात, तेवढीच मावते म्हणून. तुझ्यात आपण वीतभर घातली आणि ती वर, पाठीवर बांधली."

"आणि पंचायतीतला एवढा मोठा रेडिओ?"

"खोकं मोठं आहे. आत बहुतेक जागा भोंग्याची. कान बोटभरच."

कोड्याचं अर्धं उत्तर असं मला दाराआडून मिळालं. पण माझं लक्ष दुसरीकडेच गेलं होतं. वीतभर कांडी आबांनी अबोलीला दिली होती. मला नाही.

मी तरातरा बाहेर आले. "आबा, लांब कांडी तिला का दिली?"

"तिने मागितली."

"मी तुमची नात आहे."

"हो की," आबा म्हणाले. "तू मागितली नाहीस. लांब कांडी एकच होती, बाळ. आता डब्यात बोटभरच्याच उरल्यात."

अबोलीने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या रेडिओकडे. "आपण दोघींनी मिळून..." ती म्हणू लागली.

"मला नको," मी म्हटलं. आबा पुढे वेढ्यांबद्दल काहीतरी सांगू लागले होते. ते ऐकायला मी थांबले नाही.

माझा बेत ठरला होता. डब्यातल्या चार आखूड कांड्या मी एकीला एक टेकवून चिकटवल्या. अबोलीच्या कांडीहून ती लांब झाली, चांगली चार बोटं. वर कागद गुंडाळला. मग तार. आबांकडे वेणीसारखी तार होती, केसाहून बारीक अशा कितीतरी तारा एकत्र पिळलेल्या आणि वरून पांढरं रेशीम. किती वेढे द्यायचे? अबोली आबांबरोबर पाणी आणायला विहिरीवर गेली असताना मी तिच्या रेडिओवरचे वेढे नखाने मोजले. अठ्ठावन्न. मग मी ब्याण्णव दिले. लांब कांडी चांगली, तर जास्त तारही चांगलीच असणार. अठ्ठावन्नाला आई ऐकू येते तर ब्याण्णवाला शेजारी बसल्यासारखी येईल.

हे सगळं मी माळ्यावर केलं, चिंगीच्या उजेडात. चिंगी आमची घरकामाची यंत्रबाई, कमरेएवढ्या उंचीची, डोक्यावर दिवा. "ऋजुता, आपण आबांना विचारूया का?" असं तिने मला चारदा विचारलं. चारही वेळा मी तिला गप्प राहायला सांगितलं.

दुसऱ्या गुरुवारी सूर्य बुडाला आणि मी माळ्याच्या खिडकीत बसले. तबकडीवरचा काटा आईच्या केंद्राच्या आकड्यावर, सातशे छप्पनवर आणला. काही नाही. जरा पुढे, जरा मागे. बंदराचं केंद्रसुद्धा आता घोंगडीखालून बोलल्यासारखं येत होतं. बाकी नुसती खरखर. मी रेडिओ उचलून खिडकीबाहेर धरला, भिंतीला टेकवला, चिंगीला जवळ बोलावून उजेड धरायला लावलं. खरखर आणखीच वाढली. अर्धा तास असा गेला. आई कुठेतरी माझं नाव घेत होती आणि माझ्या मांडीवर चार बोटं जास्त लांबीची ठार बहिरी कांडी होती.

खाली अबोलीची हाक आली. मी जिना उतरले.

"ऐकलंस?" तिने विचारलं. तिचे डोळे चमकत होते. "आज किती छान बोलली गो तुझी आई. मी तुला सांगू काय म्हणाली ते?"

आता पुन्हा तिच्या तोंडून ऐकायचं. पुन्हा ते हसणं.

"ऐकलं मी," मी म्हटलं. "माझ्या रेडिओवर. तुझ्याहून स्पष्ट."

"खरं?"

"मग. वेढे ब्याण्णव आहेत माझे."

अबोलीचा चेहरा थोडा उतरला. ते मला बरं वाटलं. आज लिहितानाही आठवतंय, मला ते फार बरं वाटलं होतं.

"मग तुला कळलंच," ती म्हणाली, आणि घरी गेली.

ते बरं वाटणं दोन दिवस टिकलं. शनिवारी दुपारी अबोली कुंपणावरून ओरडून म्हणाली, "ऋजू, उद्या सकाळी सातला बोट आहे. तुझ्या आईने मागितलंय ते तयार ठेवलंस का? माझे बाबा बंदरावर जाणार आहेत, त्यांच्याकडे दे."

"ठेवते," मी म्हटलं.

काय ठेवते? आईने माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. ते उद्या गेलं नाही तर पुढची बोट केंद्र हलल्यावर. म्हणजे आठ महिन्यांनी. मी आईच्या कपाटासमोर उभी राहिले. शाल? चष्मा? निळी वही? मी आबांना आडून विचारून पाहिलं. "आबा, परवा आईने काय मागितलं?"

"मला काय ठाऊक? मी तर तुझ्याकडून कळेल म्हणून थांबलो होतो," आबा म्हणाले. "अबोली म्हणाली, तू स्पष्ट ऐकलंस. तुझी तू सांगशील म्हटलं."

ते माझ्याकडे पाहत राहिले. पुढे काही बोलले नाहीत. मी विचारलं नव्हतं ना.

उन्हं कलली तशी मी खालच्या वाडीत गेले. अबोलीच्या अंगणात तिची आई सुकत घातलेली मासळी गोळा करत होती, तिचे दोन धाकटे भाऊ भांडत होते, आणि अबोली मधेच बसून आपल्या रेडिओवरची धूळ फडक्याने पुसत होती.

"मला ऐकू आलं नव्हतं," मी म्हटलं. "गुरुवारी. मी खोटं बोलले."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुला ऐकू येतं म्हणून." आणि मग ते सगळं बाहेर पडलं. "तुला सगळं मिळतं. आबा तुझ्याशी हसून बोलतात. लांब कांडी तुला. माझी आई पण तुलाच ऐकू येते."

मला वाटलं आता ती चिडेल. तिने फडक्याची घडी घातली.

"तुला गंमत सांगू?" ती म्हणाली. "मी दर गुरुवारी अख्खा अर्धा तास ऐकते. चाळीस माणसं बोलतात. कुणी म्हणतं सुनंदा, कुणी म्हणतं अल्ताफ, कुणी म्हणतं ऋजू. समुद्रावरून, आभाळातून नाव येतं. माझं नाव कोण घेणार गो? माझ्या आईला हाक मारायला आभाळ लागत नाही, ती चुलीपासूनच ओरडते. मला तुझा किती राग यायचा माहितीये?"

"माझा?"

"मग. आणि त्यात तू निळा पेला असा हिसकून घेतेस."

अबोलीच्या आईने खरंच तेवढ्यात ओरडून तिला दोन शिव्या घातल्या, मासळी मांजराने नेली म्हणून. आम्ही दोघी हसलो. मग अबोलीने निरोप सांगितला. या खेपेला तिने आईची नक्कल केली नाही.

"म्हणाली, ऋजू, दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहा आणि आबांना तुझ्या उंचीचा दोरा कापायला सांग. तो दोरा बोटीने पाठव. मी इथे भिंतीवर ताणून लावीन. आठ महिन्यांनी येईन तेव्हा बरोबर आणीन आणि मग बघू तू किती पुढे गेलीस."

मी परत येताना अबोलीला बरोबर घेऊन आले. बहिरा रेडिओ माळ्यावरून खाली आणून मेजावर ठेवला. आणि आयुष्यात पहिल्यांदा आबांना रेडिओबद्दल प्रश्न विचारला.

"आबा, माझी कांडी तिच्याहून लांब आहे. वेढे जास्त आहेत. मग ऐकू का येत नाही?"

आबांनी चष्मा पुसला. घाई अशी केलीच नाही. "आपल्या झोपाळ्याची एक लय आहे. तो आपल्या वेगाने पुढे-मागे जातो. झोके द्यायचे तर त्या लयीतच दिले पाहिजेत. भलत्या वेळी ढकललंस तर?"

"थांबतो," अबोली म्हणाली.

"मी विचारलंय ऋजूला."

"थांबतो," मी म्हटलं.

"आता झोपाळ्याच्या कड्या लांब केल्या तर?"

मी विचार केला. "हळू हलेल."

"बरोबर. रेडिओत ही तारेची गुंडाळी आणि हे धारित्र (विजेचा भार क्षणभर साठवणारी डबी) मिळून एक झोपाळा आहे. वीज त्यात पुढे-मागे झुलते, सेकंदाला लाखो वेळा. ज्या केंद्राच्या लहरी नेमक्या त्याच लयीत येतात, त्यांचेच झोके साठत जातात. वेढे वाढवले की झोपाळ्याच्या कड्या लांबतात. त्याची लय मंदावते. आणि ऐक, नुसती कांडी लांब केली तरी मंदावते, कारण प्रत्येक वेढ्याचं बळ वाढतं. तू दोन्ही केलंस. काटा सातशे छप्पनवर आहे, पण तुझा झोपाळा कुठल्या कुठे, खाली झुलतोय. आईने कितीही ढकललं तरी तो हलणार कसा?"

"म्हणजे लांब कांडीला कमी वेढे?"

"मूळच्या बोटभर कांडीला अठ्ठ्याहत्तर होते. अबोलीच्या लांब कांडीला अठ्ठावन्न. तुझी त्याहून लांब."

"मग अठ्ठावन्नाहून कमी," मी म्हटलं. एवढी तार, एवढ्या मेहनतीने गुंडाळलेली. मला ती काढवेना.

"मी धरते कांडी," अबोली म्हणाली. "तू उलगड."

आम्ही एकेक वेढा काढत गेलो. मधे मधे थांबून डाग द्यायचा, काटा फिरवायचा, बंदराचं केंद्र किती जोरात येतं ते पाहायचं. सत्तरला ते घोंगडीतून बाहेर आलं. साठला जोरात. पन्नासला असं खणखणीत वाजलं की चिंगी स्वयंपाकघरातून विचारायला आली, कुणी हाक मारली का. अठ्ठेचाळीसला पुन्हा थोडं मंद झालं. आम्ही दोन वेढे परत घातले.

बेचाळीस वेढ्यांची तार मेजावर मोकळी पडली होती, पांढऱ्या रेशमाची, वळ्यावळ्यांची. आबांनी ती बोटांनी सरळ केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी जाऊन चौकटीला पाठ लावून उभी राहिले. अबोलीने टाचेपाशी एक टोक धरलं, आबांनी डोक्यावर दुसरं. तार माझ्याहून दोन बोटं जास्त भरली. आबांनी ती कापली.

पाकिटात तार घातली आणि चिठ्ठी लिहायला बसले. बेचाळीस वेढ्यांची गोष्ट लिहिली. शेवटी एक ओळ लिहायची होती. ती लिहायला मला सगळ्या चिठ्ठीहून जास्त वेळ लागला. दोनदा पेन खाली ठेवलं. मग लिहिली आणि वाचून न बघता पाकीट चिकटवलं.

तिसऱ्या गुरुवारी आम्ही तिघं सड्याच्या समुद्राकडच्या टोकाला गेलो. चिंगीला घरी, मांगरात (अवजारं ठेवायच्या खोपीत) बसवून ठेवलं होतं. तिच्या आतल्या मोटरी आणि तिचा दिवा यांच्यामुळेच माझा रेडिओ माळ्यावर इतका खरखरत होता, हेही मी आता विचारून घेतलं होतं. कुठलंही विजेचं यंत्र थोडीफार रेडिओलहर सांडत असतं. दूरचं ऐकायचं तर जवळची यंत्रं लांब ठेवावी लागतात.

सूर्य बुडाला. कातळ अजून गरम होता. काटा सातशे छप्पनवर होता आणि अबोलीने आपला रेडिओ बंद करून पिशवीत ठेवला होता. "आज तुझ्यावर ऐकू," ती म्हणाली.

"बांगडा," रेडिओ म्हणाला. "पेटीला."

बंदर. शेजारच्याच आकड्यावरून त्याचा आवाज इकडे सांडत होता. आणि त्याच्या खाली, तळाशी, कुणीतरी बोलत होतं. शब्द कळत नव्हते.

"आबा, बंदराला गप्प कसं करू?"

"बंदर कुठे आहे?"

"उत्तरेला."

"कांडी लहरींना आडवी असली की सगळ्यांत जास्त गोळा करते. तिचं टोक केंद्राकडे रोखलं की जवळजवळ काहीच नाही. भाल्याचं टोक आपल्याकडे रोखलं तर आपल्याला भाला दिसतो का? नुसता ठिपका दिसतो. तसं."

मी रेडिओ दोन्ही हातांत धरून हळूहळू वळवला. कांडीचं टोक उत्तरेकडे सरकलं तसं बंदर बारीक होत गेलं. बांगडा गेला, सुरमई गेली. केसभर आणखी. आणि मग बंदर नाहीसंच झालं, आणि त्याच्या जागी, नैर्ऋत्येच्या समुद्रावरून, खोल विहिरीतून आल्यासारखी, वरखाली होत, माझी आई.

"...तार मिळाली, ऋजू. भिंतीवर लावली आहे. सगळे विचारतात हा कसला नवा अँटेना. मी सांगते, ही माझी मुलगी आहे, एकशे अडतीस सेंटिमीटर." ती हसली. ते हसणं आता कुणाच्या तोंडचं नव्हतं. "आबा, गोळ्या. आणि अबोली कुबल, तू ऐकते आहेस ना? अबोली, ऋजूने लिहिलंय की तुझं नाव आभाळातून कुणी घेत नाही. हे बघ, मी घेतलं. दोघी मिळून..."

पुढचे शब्द लाटेसारखे मागे गेले. परत आले तेव्हा दुसरंच कुणी आपल्या घरच्यांशी बोलत होतं.

अबोली गप्प होती. मी तिला पहिल्यांदाच इतकी गप्प पाहिली. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले होते.

ती ओळ मीच लिहिली होती, आणि तरीही आईने अबोलीचं नाव दोनदा घेतलं हे माझ्या लक्षात आल्यावाचून राहिलं नाही. मी मोजलं. माझंही दोनदा.

आई आठ महिन्यांनी आली तेव्हा मी त्या तारेच्या चार बोटं पुढे गेले होते. तो रेडिओ आजही माझ्या खिडकीत आहे. कधी तुमच्या हाती असा जुना रेडिओ आला तर तो फेकू नका. संध्याकाळ होऊ द्या, घरातली यंत्रं बंद करा आणि त्याला हळूहळू वळवून पाहा.

अबोली रेडिओशास्त्रज्ञ झाली. तिच्या गटाने चंद्राच्या पाठीमागे, जिथून पृथ्वी कधी दिसतच नाही, कित्येक किलोमीटर तारा अंथरल्या आहेत. पृथ्वीवर इतकी यंत्रं आणि इतकी केंद्रं बोलत असतात की विश्वाच्या बालपणी निघालेल्या अगदी क्षीण लहरी त्यात बुडून जातात. चंद्राच्या मागे मात्र अख्खा चंद्र आड येतो. गेल्या वर्षी, एवढं वय झालेलं असताना, ती स्वतः तिथे जाऊन राहिली.

तिथून तिचा पहिला निरोप मला आला. "ऋजू, इथे बंदर अजिबात ऐकू येत नाही."

मला तिचा हेवा वाटला. अकराव्या वर्षी वाटला होता, अगदी तेवढाच. पण या खेपेला मी क्षणभरही थांबले नाही. लगेच उलट विचारलं, "मग काय ऐकू येतं?"